अकाली गेलेल्या वर्गमित्राची आठवण कशी जपावी

शाळेतला एखादा सोबती ऐन तारुण्यात गेला, की त्याच्या वर्गातल्या मुलामुलींना काही वर्षांनी, बहुधा पहिल्या स्नेहमेळाव्याची तयारी सुरू झाल्यावर, त्याच्यासाठी काहीतरी करायला हवे असे वाटू लागते. या वाटण्याचे पुढे काय होते, हे सांगली-मिरजेच्या कोणत्याही चौकात पाहायला मिळते. एक फ्लेक्स लागतो. त्यावर ओळखपत्राच्या फोटोवरून ताणून मोठा केलेला धूसर चेहरा असतो, त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असते आणि त्याखाली, त्या चेहऱ्याहून जास्त स्पष्ट दिसतील असे, फ्लेक्स लावणाऱ्यांचे फोटो असतात. आठवड्याभरात तो उतरतो आणि विषय संपतो. ज्यांना तो असा संपवायचा नाही, त्यांच्यासाठी पुढील माहिती दिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आई-वडिलांना आपला मुलगा घरातला ठाऊक असतो. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेतला, मधल्या सुट्टीतला, सायकल स्टँडवरचा, शिक्षकांची नक्कल करणारा, परीक्षेत शेजाऱ्याला हळूच उत्तर सांगणारा मुलगा त्यांनी फारसा पाहिलेला नसतो. तो वर्गमित्रांनी पाहिलेला असतो आणि त्यांच्याखेरीज तो कोणाला सांगता येणार नाही. म्हणून वर्गाचे पहिले काम म्हणजे आपल्याकडच्या आठवणी गोळा करणे, त्या लिहून काढणे आणि घरी पोहोचवणे. पारितोषिक, रक्तदान शिबिर, झाड, पुस्तके ही सगळी कामे त्यानंतरची आहेत आणि त्यांतले एकही झाले नाही तरी चालते. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो, कारण वर्गणी काढणे सोपे आणि आठवण लिहिणे अवघड असते.

घरच्यांना विचारणे

घरी संपर्क साधण्याचे काम एकाने, फार तर दोघांनी करावे, आणि त्यांचे त्या घरी पूर्वी जाणे-येणे असावे. आई-वडिलांना थेट फोन करण्यापेक्षा भावाशी किंवा बहिणीशी आधी बोलावे. घरात सध्या काय परिस्थिती आहे, आई हा विषय काढू देते का, वडिलांची तब्येत कशी आहे, हे त्यांच्याकडून कळते आणि नकार द्यायचा असेल तर तोही त्यांना सोपा जातो. निरोप लहान असावा. उदाहरणार्थ : ‘ताई, मी तुमच्या दादाच्या वर्गात होतो, दहावी अ. आम्ही वर्गातली मुले त्याच्या शाळेतल्या आठवणी लिहून एकत्र कराव्यात असे म्हणतो आहोत. काका-काकूंना चालणार असेल तरच करू. त्यांना विचारून सवडीने कळवा, घाई नाही.’ या निरोपात पैशाचा, कार्यक्रमाचा किंवा सत्काराचा उल्लेख नसावा. उत्तर आले नाही तर महिन्याभराने एकदा विचारावे आणि मग थांबावे. नकार आला तर तो मान्य करावा. आठवणी मात्र तरीही लिहून ठेवाव्यात, कारण आज नको म्हणणारी आई पाच वर्षांनी ‘तुम्ही काही लिहिले होते ना?’ असे विचारू शकते.

मृत्यूचे कारण विचारू नये. घरचे जे सांगतील ते खरे धरावे, आणि ते काहीच सांगत नसतील तर लिखाणात कारण नसल्याने काही बिघडत नाही. आत्महत्या झाली असेल आणि ते गावभर ठाऊक असले, तरी ती कशी झाली, कुठे झाली, चिठ्ठीत काय होते यातले काहीही लिहू नये, बोलू नये, आणि एखाद्या व्यक्तीवर किंवा परीक्षेच्या निकालावर बोट ठेवून कारण जाहीर करू नये. अशा आठवणी काढताना वर्गातल्याच कोणाला त्रास होऊ लागला, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तिथे चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येते. हा क्रमांक गटावरच्या पहिल्या संदेशातच देऊन ठेवावा, म्हणजे तो कोणा एकाला उद्देशून दिल्यासारखा वाटत नाही.

भेटायला जायचे ठरले तर दोघा-तिघांनी जावे. पंधरा जण एकदम गेले की घराला पुन्हा दहाव्याचे रूप येते. हार, शाल, श्रीफळ नेऊ नये. शाळेतला एखादा फोटो किंवा त्याच्या अक्षरातला एखादा कागद मिळाला असेल तर त्याची चांगली प्रत न्यावी. बसल्यावर काकू बहुधा तुमचीच चौकशी करतील : नोकरी कुठे, लग्न झाले का, मुले किती. पुष्कळ जण इथे ओशाळतात आणि उत्तर टाळतात, कारण आपला संसार त्या घरात सांगणे त्यांना निर्दयपणाचे वाटते. टाळू नये. विचारले तेवढे साधेपणाने सांगावे. आपला मुलगा आज केवढा झाला असता, हे त्या आईला तुमच्याकडे पाहूनच कळते आणि ते तिला पाहायचे असते. ‘आज तो असता तर’ हे वाक्य मात्र त्या घराचे आहे, ते आपण उच्चारू नये. निघताना ‘आम्ही सगळी तुमचीच मुले’ असे आश्वासन देण्याचा मोह होतो. त्याऐवजी ‘वर्षातून एकदा येत जाईन’ एवढेच म्हणावे आणि खरोखर दर वर्षी जावे.

सांगली, मिरज, कुपवाडच्या कोणत्याही वर्गात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती, ब्राह्मण, बौद्ध अशी सगळ्या घरांची मुले असतात, पण श्रद्धांजलीचा साचा मात्र एकच ठरून गेला आहे : फोटो, हार, समई, उदबत्ती. मुस्लिम घरात फोटोला हार घालण्याची रीत नाही, आणि ज्या घरांत श्राद्ध मानले जात नाही तिथे ‘वर्षश्राद्धानिमित्त’ असा मथळा छापणे चुकीचे ठरते. घरचे काय करतात हे विचारून घ्यावे आणि आपला कार्यक्रम त्याच्या आड येऊ देऊ नये.

दिवसाचेही तसेच आहे. हिंदू घरांत स्मरणाचा दिवस तिथीने पाळला जातो, तर वर्गाच्या लक्षात इंग्रजी तारीख असते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे तिथी दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे सरकते, त्यामुळे तारीख आणि तिथी यांचा मेळ क्वचितच बसतो. तिथी घरच्यांकडे राहू द्यावी. वर्गाने वाढदिवस धरावा असे माझे मत आहे. मृत्यूच्या दिवशी नातेवाइकांचे फोन येतातच, वाढदिवसाला मात्र काही वर्षांनी कोणाचाच येत नाही, आणि आई त्या दिवशी फोनकडे पाहत असते.

वर्गमैत्रीण गेलेली असेल तर

मुलीच्या बाबतीत एक जास्तीचा विचार करावा लागतो आणि तो बहुतेक वेळा राहून जातो. तिचे लग्न झालेले असेल, तर माहेर आणि सासर अशी दोन घरे असतात, नाव बदललेले असते, आणि वर्गाला तिचे माहेरचे नाव तेवढे ठाऊक असते. परवानगी दोन्हीकडून घ्यावी. दोन घरांमध्ये बोलणे उरलेले नसेल, मृत्यूबद्दल तक्रार किंवा खटला झालेला असेल, तर वर्गाने सार्वजनिक असे काहीही करू नये. आठवणी माहेरी नेऊन द्याव्यात आणि तेवढ्यावर थांबावे. लिखाणात शाळेतले नाव आधी घ्यावे व लग्नानंतरचे नाव त्याच ओळीत द्यावे.

तिची मुले असतील, तर हे सगळे काम मुख्यतः त्यांच्यासाठी आहे असे समजावे. लहानपणी आई गेलेल्या मुलांना आईबद्दल जे सांगितले जाते ते तिच्या आजारपणाचे आणि तिच्या चांगुलपणाचे असते. आई खो-खोमध्ये कशी सूर मारायची, गणिताच्या तासाला खाली मान घालून काय वाचायची, भूगोलाच्या बाईंना कोणत्या नावाने हाक मारायची, हे त्यांना कोणी सांगत नाही. त्यांच्यासाठीची प्रत वेगळी बांधून, ती वडिलांकडे किंवा आजीकडे, मुले मोठी झाल्यावर देण्यासाठी सोपवावी.

आठवणी गोळा करणे

गटावर ‘त्याच्या आठवणी पाठवा’ असे लिहिले की काय येते ते सर्वांना ठाऊक आहे : जोडलेले हात, फुले आणि ‘हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांच्या मदतीला धावणारा’ ही विशेषणे. आई-वडिलांनी ती दहाव्याच्या दिवशीच ऐकलेली असतात. त्यांतून कोणताही मुलगा दिसत नाही, कारण ती कोणालाही लागू पडतात. म्हणून गटावर आवाहन करण्याऐवजी एकेकाला फोन करावा, वीस मिनिटे बोलावे आणि प्रश्न नेमके विचारावेत. तो कोणत्या बाकावर बसायचा आणि शेजारी कोण होते? डब्यात काय आणायचा आणि काय दुसऱ्याच्या डब्यातून पळवायचा? त्याचे टोपणनाव काय होते आणि ते कोणी पाडले? शाळेत कसा यायचा : सायकलवर डबलसीट, की तासगाव-कवठेमहांकाळकडून एसटीच्या पासवर, आणि एसटी चुकली की काय सबब सांगायचा? कोणत्या सरांचा मार खाल्ला? स्नेहसंमेलनात काय केले? औदुंबर, सागरेश्वर किंवा दंडोबाच्या सहलीत तो कोणाबरोबर होता? पावसाळ्यात आयर्विन पुलावर पाणी बघायला कोण कोण जायचे, हरिपूरच्या संगमावर किंवा आमराईत कोण बसायचे? ठिकाणाचे नाव घेतले की माणसाला प्रसंग आठवतो. ‘तो कसा होता’ असे विचारले की मात्र तो पुन्हा विशेषणांकडे वळतो.

जवळच्या चार मित्रांवर थांबू नये. त्यांच्या आठवणी घरच्यांनी अनेकदा ऐकलेल्या असतात. मागच्या बाकावरचा, वर्गात फारसे न बोलणारा, नापास होऊन मागे राहिलेला, दुसऱ्या तुकडीतला, त्याच्याशी भांडण झालेला, कबड्डीत त्याच्याविरुद्ध खेळलेला, शाळेसमोर भडंग विकणारा, शाळेचे शिपाईमामा, या लोकांकडे घराला नवीन वाटेल असे काही सापडते. वसतिगृहात राहिलेला मुलगा असेल तर त्याचे खोलीसोबती शोधलेच पाहिजेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून या भागात वसतिगृहात राहून शिकलेल्यांच्या पिढ्या झाल्या आहेत. अशा मुलाच्या सगळ्या संध्याकाळी आणि रात्री घराबाहेर गेलेल्या असतात आणि त्या फक्त त्याच्या खोलीतल्या मुलांना ठाऊक असतात.

शिक्षकांकडे सर्वांत आधी जावे, कारण त्यांचे वय वाट पाहण्याचे राहिलेले नसते. जाताना वर्गाचा फोटो न्यावा. निवृत्त शिक्षकांना मुले नावाने आठवतातच असे नाही. गाव, आडनाव, ‘याचा थोरला भाऊही माझ्याकडेच होता’ अशा वाटेने ती आठवतात, आणि फोटोत रांग दिसली की त्यांना बाक आठवतो. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, पंखा बंद ठेवता आला तर ठेवावा, आणि ते विषयांतर करू लागले तर अडवू नये. मुद्रण घरी देताना पूर्ण द्यावे. लिहिताना मात्र बोललेले सगळे जसेच्या तसे उतरवण्याची गरज नाही. सांगणाऱ्याचे शब्द राखून पसारा आवरावा आणि मजकूर छापण्यापूर्वी त्याला वाचून दाखवावा.

काय लिहावे आणि काय वगळावे, यावर प्रत्येक वर्गात वाद होतो. गेलेल्याला देव करण्याची आपली सवय घट्ट आहे. कॉपी करणारा, चिडका, उधारी न फेडणारा मुलगा मृत्यूनंतर एकदम आदर्श विद्यार्थी होतो, आणि तो वाचताना आईलाही परका वाटतो. यासाठी एक साधी कसोटी पुरते : तो समोर बसलेला असता तर जी गोष्ट तुम्ही त्याच्या तोंडावर हसत सांगितली असती, ती लिहावी, त्याच्या पाठीमागेच सांगितली असती, ती लिहू नये. पैशांचे जुने व्यवहार आणि प्रेमप्रकरणे पूर्ण वगळावीत, कारण त्यातली दुसरी व्यक्ती हयात आहे आणि तिला तिचे घर आहे. दोघांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नसतील, एक म्हणतो त्याने पुरात पोहून पैज जिंकली आणि दुसरा म्हणतो तो काठावर कपडे सांभाळत बसला होता, तर दोन्ही छापाव्यात. न्यायनिवाडा करण्याचे काम वर्गाकडे नाही आणि वाचणाऱ्यांनाही तो नको असतो.

फोटो आणि कागदपत्रे

सांगलीत या कामाला एक खास अडचण आहे, ती पुराची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट मानली जाते; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले. नदीकाठच्या आणि बाजारपेठेतल्या पुष्कळ घरांतले अल्बम, दाखले, वह्या त्यात गेल्या, फोटो स्टुडिओंच्या निगेटिव्ह गेल्या. ज्या घरातला मुलगा आधीच गेलेला होता, त्या घराचे पुरात त्याचे फोटोही गेले असतील, तर वर्गाकडून मिळालेली एखादी प्रत त्यांना किती मोलाची असेल हे वेगळे सांगायला नको.

फोटो शोधताना दहावीच्या निरोप समारंभाचा समूहफोटो सगळ्यांना सुचतो. त्याखेरीज शाळेचा वार्षिकांक, एनसीसी किंवा स्काउटचे फोटो, गणेश मंडळाचे अल्बम आणि क्रीडास्पर्धांचे फोटो पाहावेत. आणखी एक जागा हमखास विसरली जाते : वर्गमित्रांच्या थोरल्या बहिणींच्या लग्नांचे अल्बम. त्या वेळी पंगतीत वाढायला वर्गातलीच मुले असायची, आणि मठ्ठ्याची बादली किंवा जिलेबीचे ताट हातात घेतलेला, कॅमेऱ्याकडे लक्ष नसलेला तो एखाद्या कोपऱ्यात उभा असतो. ओळखपत्राच्या फोटोपेक्षा हा फोटो कितीतरी चांगला असतो.

शाळेतले जनरल रजिस्टर कायमस्वरूपी जपले जाते, परंतु त्यातली नोंद किंवा दाखल्याची प्रत मागण्याचा अधिकार पालकांचा आहे. वर्गमित्रांनी मुख्याध्यापकांना भिडेत पाडू नये. दाखला पुरात गेला असेल तर दुय्यम प्रतीसाठीचा अर्ज काकांच्या सहीने करून द्यावा, एवढी मदत करता येते.

भिजून काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, कारण चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. चौकटीसकट तो खिडकीजवळ ठेवून, फ्लॅश बंद करून, काचेवर प्रकाशाची तिरीप येणार नाही अशा बेताने त्याचा फोटो घ्यावा. सुटे फोटो स्कॅन करताना पासपोर्ट आकारासारख्या लहान फोटोला ६०० डीपीआय आणि मोठ्याला ३०० डीपीआय पुरते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मूळ फोटो ज्याचा त्याला त्याच आठवड्यात परत करावा. हल्ली जुना चेहरा स्वच्छ करून देणारी ॲप निघाली आहेत. ती जिथे तपशील नाही तिथे स्वतःच्या मनाने नाक-डोळे भरतात आणि चेहरा सुंदर पण परका होतो. सुधारलेली प्रत दिली तरी मूळ प्रत सोबत द्यावी. मृत माणूस हसतो, वळून पाहतो, आईला मिठी मारतो असे व्हिडिओ मात्र न विचारता कोणीही पाठवू नयेत.

पुस्तिका

वीस-पंचवीस जणांच्या आठवणी आणि दहा-बारा फोटो जमले की पुस्तिका होते. आकार ए-५, मधोमध पिन मारलेली, म्हणजे पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी लागते. ३२ किंवा ४० पाने पुरतात. मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप झालेला असतो आणि गावातले डीटीपीवाले अजूनही बऱ्याचदा श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीत काम करतात, त्यामुळे मजकूर तिच्यात बदलून घ्यावा लागतो. या रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार मोडतात, म्हणून रूपांतर झाल्यानंतरचे प्रूफ पुन्हा पूर्ण वाचावे, त्यातही नावे दोनदा. त्याचे नाव चुकीचे छापले गेले तर पुस्तिका वाटू नये. कागद साधा मॅपलिथो घ्यावा. गुळगुळीत आर्ट पेपरवर फोटो खुलतात, पण तो भिजून वाळला की पाने एकमेकांना चिकटतात, आणि सांगलीत पुस्तिका छापताना हा विचार करायला हवा. प्रस्तावना कोणा पुढाऱ्याची नको. देणगीदारांची यादी नको. पहिली प्रत आई-वडिलांना प्रकाशनाच्या आधी, घरी, शांतपणे द्यावी, म्हणजे ती पहिल्यांदा चारचौघांत उघडण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी आणि पीडीएफ दोघा-तिघांच्या संगणकांवर असावी.

स्नेहमेळाव्यातले स्मरण

मेळावे बहुधा दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात होतात आणि त्यात दोन मिनिटे स्तब्धता ठरलेली असते. ती असावी, पण तेवढ्याने भागवू नये. पुस्तिकेतल्या तीन-चार आठवणी, त्याही हसू येईल अशा, ज्याच्या त्याने वाचून दाखवाव्यात. हे सुरुवातीला करावे. जेवणाची पाने मांडलेली असताना कोणी ऐकत नाही. आई-वडिलांना बोलवायचे असल्यास येणे-न येणे त्यांच्यावर सोपवावे, मंचावर बसवू नये, भाषण करायला लावू नये, आणि त्यांना केव्हाही उठून जाता यावे यासाठी रिक्षाची किंवा गाडीची सोय आधीच करून ठेवावी. हजेरी घेऊन त्याच्या नावाला सगळ्यांनी ‘हजर’ म्हणण्याचा प्रकार अलीकडे लोकप्रिय झाला आहे. वर्गापुरता तो ठीक असेल, समोर आई असताना तो करू नये. वर्गातले एकाहून अधिक जण गेलेले असतील तर सर्वांना सारखा वेळ द्यावा. जो लोकप्रिय होता त्याला अर्धा तास आणि बाकीच्यांची नुसती नावे, हे त्या घरांपर्यंत पोहोचते.

पैशाची कामे

शाळेत त्याच्या नावे पारितोषिक ठेवणे ही सर्वांत रूढ पद्धत आहे. शाळेकडे कायम ठेव द्यायची आणि तिच्या व्याजातून दर वर्षी बक्षीस द्यायचे, असा तो व्यवहार असतो. ५०,००० रुपयांच्या ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरले तर वर्षाला ३,२५० रुपये होतात. आज ते बरे वाटतात, पंधरा वर्षांनी त्यात एक दप्तरही येईल की नाही याची शंका आहे. त्यापेक्षा दहा वर्षांची मुदत ठरवून तीस जणांनी दर वर्षी पाचशे रुपये, म्हणजे एकूण १५,००० रुपये, देणे मला अधिक प्रामाणिक वाटते. कायम ठेवच द्यायची असेल तर ‘ही रक्कम कायम ठेवीसाठी असून केवळ व्याज वापरावे’ असे पत्र सोबत द्यावे, संस्थेची पावती घ्यावी आणि शाळा बंद झाली किंवा दुसऱ्या शाळेत मिसळली तर रकमेचे काय, हेही त्या पत्रात लिहावे. प्राप्तिकराची सवलत हवी असणाऱ्यांनी २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नये, रोखीवर ती मिळत नाही.

बक्षीस कशासाठी, याचा विचार त्याच्याकडे पाहून करावा. जो आयुष्यात कधी पहिला आला नाही, त्याच्या नावाचे बक्षीस वर्गात पहिल्या येणाऱ्याला देणे विचित्र आहे. तो चित्रे काढत असेल तर एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्यांची रंगपेटी द्यावी. खेळत असेल तर संघाचे बूट. लांबून येत असेल तर लांबून येणाऱ्या मुलाच्या एसटी पासचे पैसे द्यावेत. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो, तेव्हा पासची गरज असलेला मुलगा कोण, हे वर्गशिक्षकांना विचारावे.

नवा ट्रस्ट काढू नये, हे मी आग्रहाने सांगतो. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी झाली की दर वर्षी हिशेब आणि लेखापरीक्षण आले, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे चेंज रिपोर्ट आला, आणि तिसऱ्या वर्षी ही कामे करायला उत्साही मित्रांपैकी कोणी उरत नाही.

रक्तदान शिबिर परवानाधारक रक्तपेढीबरोबरच घ्यावे. दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागते. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवस अंतर ठेवावे लागते. दात्यांना भेटवस्तूंचे आमिष दाखवू नये. झाड लावायचे असेल तर शाळेच्या आवारात, जिथे पाणी आहे तिथे, पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावावे आणि पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार हे आधी ठरवावे. जत-आटपाडीच्या दुष्काळी भागात तर हे ठरवल्याशिवाय खड्डाच खणू नये. नावाची पाटी झाड जगल्यावर लावावी. वाळलेल्या काटकीशेजारी आपल्या मुलाचे नाव वाचण्याची वेळ कोणत्याही बापावर आणू नये. पुस्तके द्यायची असल्यास पुरात नुकसान झालेल्या ग्रंथालयाकडून किंवा शाळेकडून यादी मागून घ्यावी, घरातली रद्दी देऊ नये.

त्याचा क्रमांक आणि खाती

अलीकडे गेलेल्या मित्राचा क्रमांक वर्गाच्या गटात तसाच असतो आणि तो काढणे कोणाच्या जिवावर येते. बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. त्यामुळे एके दिवशी त्याच्या नावासमोर अनोळखी माणसाचा फोटो दिसतो. घरच्यांनी सिम चालू ठेवले आहे का ते विचारावे, नसेल तर गटात आधी सांगून क्रमांक काढावा आणि त्याचे जुने संदेश, विशेषतः आवाजातले, त्याआधी उतरवून घरी द्यावेत. फेसबुक खात्याबाबत, मृत्यूचा पुरावा देऊन ते स्मृतिखाते करून घेता येते किंवा जवळच्या नातेवाइकांना ते काढून टाकता येते. स्मृतिखाते झाले की त्याच्या वाढदिवसाच्या सूचना लोकांना जाणे थांबते आणि ‘हॅपी बर्थडे भावा, पार्टी कधी?’ असे न कळून लिहिले जाणारे संदेश टळतात. निर्णय घरच्यांचा, अर्ज कसा करायचा ते दाखवण्यापुरते आपण.

या सगळ्या कामाची एक फाइल असावी : आठवणींचे मूळ कागद, ध्वनिमुद्रणे, स्कॅन, कोणाचा फोटो कोणाला परत केला त्याची नोंद, शाळेला दिलेल्या पत्राची प्रत आणि जमाखर्च. जमाखर्च गटावर टाकावा, शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षीच्या बक्षिसात मिळवावी. फाइल एकाकडे आणि तिची नक्कल दुसऱ्याकडे, शक्यतो पुराचे पाणी न येणाऱ्या वस्तीतल्या कोणाकडे, ठेवावी, आणि ती कोणाकडे आहे हे घरच्यांना लेखी कळवावे.